सोळा नंबरचा पत्ता

६ जानेवारी

आकांक्षाचं जमलं. मला कोणी सांगितलं? आर्वी डेपोच्या कँटीनमध्ये चहा पिणाऱ्या दोन बायांनी. त्याही मला नाही, एकमेकींना. मुलगा कारंजा घाडगेचा, सेवाग्रामला दवाखान्यात लॅब टेक्निशियन, नाव गजेंद्र. साक्षगंध फेब्रुवारीत, लग्न मार्चमध्ये. मी बाबांचा डबा घेऊन तिथंच उभा होतो. बाबा एसटीत मेकॅनिक आहेत. डबा त्यांच्या हातात दिला आणि घरी आलो.

घरी येऊन तिचे पत्ते काढले. टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते, जांभळ्या पिशवीत. वर्ध्याला बीएस्सीला असताना ती मैत्रिणींना यावर भविष्य सांगायची, अर्धं गमतीत, अर्धं खरं. त्यातला सोळा नंबरचा वेगळा काढून ठेवला. मनोरा. उंच दगडी मनोरा, डोक्यावर सोन्याचा मुकुट. वरून वीज पडली आहे, मुकुट उडाला आहे, खिडक्यांतून जाळ निघतो आहे आणि दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी कोसळत आहेत.

सप्टेंबरात वर्ध्याच्या बसस्टँडवर आम्ही शेवटचे भेटलो, तेव्हा तिने हाच पत्ता काढला होता. ‘हे बघ काय निघालं,’ म्हणाली. पुढचं मी ऐकून घेतलं नाही. शाप कोण ऐकून घेतो?

आता तिचा शाप तिलाच देणार. ती पडणारी दोन माणसं कोण, ते मला आज कळलं. एक ती. दुसरा तो लॅबवाला.

९ जानेवारी

आधी वाटलं होतं, सेवाग्रामला जावं आणि त्याला दवाखान्याच्या गेटवरच तुडवावा. मग प्रफुल्ल आठवला. प्रफुल्लने तिला प्रॅक्टिकलची वही दिली होती, तिच्या घरापर्यंत आणून. मी त्याला कँटीनमागे धरून हाणला. प्राचार्यांनी माफीनामा लिहून मागितला, मी तो कागद त्यांच्या टेबलावरच फाडला आणि कॉलेज सोडलं. सोडलं. काढलं नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण गावात उलटं सांगतात.

हाताने मारलं की माणूस आठ दिवसांत बरा होतो. मला आठ दिवसांचं काम नको आहे.

१२ जानेवारी

सुचलं. गजेंद्रचं घर कारंज्यात हायवेपासून जवळ आहे. आई अंगणवाडीत, नाव कौशल्याबाई. वडील नाहीत. घरात तिचाच शब्द चालतो. ती म्हणाली ‘नको’, तर नको.

तिला ‘नको’ म्हणायला लावायचं. आणि ते लावायला माझ्याकडे अठ्ठ्याहत्तर पत्ते आहेत.

कारंज्याच्या अलीकडे वासुदेवरावांचा धाबा आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तिथं गल्ल्यावर बसलो होतो, ओळख आहे. घरी सांगितलं, धाब्यावर काम मिळालं. पत्त्यांचं बोललो नाही. बाबा विहारात बौद्धाचार्य आहेत, आर्वीत आमच्यातली निम्मी लग्नं त्यांनीच लावली. अंगारा, पोथी, पंचांग, हात बघणं यातलं काहीही त्यांना उंबऱ्याच्या आत चालत नाही. पत्ते मी बावीस प्रतिज्ञांच्या फ्रेममागे ठेवतो. तिथं कोणी हात घालत नाही.

१४ जानेवारी

दुकान सुरू. लिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर आईची जुनी ओढणी. वासुदेवरावांनी पुठ्ठ्यावर लिहून दिलं : ‘विलायती पत्त्यांवर भविष्य’.

पहिलं गिऱ्हाईक संत्र्याचा ट्रकवाला. त्याला नेमका मनोराच निघाला.

“हे काय, टावर?” तो म्हणाला. “माह्या मोबाईलले तर सकाळपासून टावरच नाई.”

“पडला ना तो,” वासुदेवराव गल्ल्यावरून ओरडले. “चित्र नीट पाय.”

सगळे हसले. मग ट्रकवाल्याने मान पुढे करून हळूच विचारलं, “उपाय काय पन?”

मी म्हणालो, टॅरोत उपाय नसतो, पत्ता फक्त काय होणार ते दाखवतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जेवायला बसवून ताट काढून घेतलं. शेवटी वासुदेवरावांनीच सांगितलं, काळ्या कुत्र्याला पोळी घाल. खुश होऊन गेला.

“अबे रतन,” नंतर मला म्हणाले, “उपायाबिगर भविष्य म्हंजे सुईबिगर डाक्टर. लोकायले बरं वाटत नाई.”

१९ जानेवारी

पत्त्यांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आहे. मार्जिनमध्ये आकांक्षाने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले आहेत. मनोऱ्यापुढे लिहिलंय : ‘खोट्यावर बांधलेलं. वीज = खरं. अचानक. मुकुट = गर्व, आधी तोच जातो.’ आणि खाली, बारीक अक्षरात : ‘वाईटच असतो असं नाही.’

वाईटच असतो. वीज पडून कोणाचं भलं झालं?

रोज तासभर हे चित्र बघतो. काळं आभाळ. जाळाचे थेंब दोन्हीकडे, मोजले तर बावीस. खाली टोकदार खडक. मनोऱ्याला तीन खिडक्या आहेत, दार नाही. छापणारा विसरला असेल.

पत्त्याचा उजवा कोपरा नखाने जरा मोडून ठेवला. आता डोळे मिटूनही बोटाला लागतो. मोठे मामा लग्नघरी रमी खेळताना असंच करायचे. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, टाके पडले होते ना. तरी दोनशे वेळा पिसून पाहिलं. दोनशे वेळा मनोरा वर.

२३ जानेवारी

ती आली नाही. चार ड्रायव्हर आणि नवऱ्याची दारू कधी सुटेल विचारणारी एक बाई. तिला सांगितलं, सुटेल. उपाय म्हणून बाटलीत पाणी भरून ठेवायला सांगितलं. उपाय जमायला लागलेत.

वासुदेवरावांच्या सीताबाई कौशल्याबाईच्याच बचत गटात आहेत. त्यांना मी रोज सांगतो, लग्न जमलेल्या घरांनी एकदा तरी बघून घ्यावं. आज म्हणाल्या, “सांगितलं रे बाप्पा कौशल्याले. येईन म्हणे.”

आकांक्षाची आठवण येते तेव्हा तिचा फोन आठवतो. रोज संध्याकाळी तो मी बघायचो. कोणाचा मेसेज, कोणाला काय उत्तर. प्रेमात लपवायचं काय? पहिले दोन महिने ती हसत द्यायची. नंतर नुसती द्यायची.

२९ जानेवारी

आली!

दुपारी तीन वाजता, डोक्यावर पदर, काखेत अंगणवाडीचं रजिस्टर. आजूबाजूला बघत बघत, जसं काही चोरायला आली आहे.

“जय भीम, मावशी,” मी हळूच म्हणालो.

ती दचकली. “तू आपलाच हायेस काय रे? नाव काय तुह्यं?”

“प्रफुल्ल.” तोंडात तेच आलं.

“हे पाय प्रफुल्ल, मी कोनाकडं जात नाई. पंचांगवाल्याच्या दारात तर आमच्या घरातल्या कोनी पाय नाई ठेवला. पन हे तर विलायती हाये ना? ह्याच्यात देव नाई, भट नाई.”

“नाई मावशी. निस्ते चित्रं.”

“मंग काई हरकत नाई,” ती मला नाही, स्वतःलाच म्हणाली.

रजिस्टरमधून दोन फोटो काढले. गजेंद्र चष्मेवाला, केस चापून बसवलेला, शहाणा. आकांक्षा पिवळ्या ड्रेसमध्ये, गॅदरिंगचा फोटो. एका बाजूने कापलेला. कडेला जो निळा खांदा राहिला आहे, तो माझा.

मी पत्ते पिसले. कोपरा बोटाला लागला. पहिले दोन साधे काढले. तिसरा, मनोरा, ठेवला दोन फोटोंच्या मधोमध.

“बाप्पा,” ती म्हणाली. “घर जळून राह्यलं?”

मी सगळं सांगितलं. वीज, मुकुट, खडक, दोन माणसं. आवाज आपोआप खाली गेला होता. एवढं चांगलं मी कोणत्याही तोंडी परीक्षेत बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, “हे लगन झालं तर हे होते.”

आता ती उठेल, फोटो उचलेल आणि जाऊन मोडून टाकेल, असं मला वाटलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

“उपाय सांग.”

“ह्याले उपाय नाई मावशी.”

“असा कसा नाई? ह्या पत्त्यासाठी मी अर्धा दिवस रजा टाकली. बिमारी हाये तर औषध हाये. उपाय नाई, तर तू शिकला तरी काय?”

वासुदेवराव गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. कुत्रा आणि पोळी सांगून हिला परत पाठवायची नव्हती. तेवढ्यात मला त्या पेन्सिलीच्या ओळी आठवल्या आणि असा आनंद झाला, की टेबलावर नाचावंसं वाटलं. उपायच तर फास होता!

“एक हाये,” मी म्हणालो. “मनोरा खोट्यावर उभा असते. साक्षगंधाच्या दिवशी, चार लोकायच्या समोर, दोन्ही घरानं जे लपवलं ते बोलून टाका लागते. पोरीनंबी आपल्या तोंडानं बोलली पाह्यजे. मंग वीज पडत नाई.”

आकांक्षाला उभं करतील. ती रडेल. माझं नाव घेईल. मग कोणता गजेंद्र आणि कोणतं लग्न!

कौशल्याबाईचा चेहरा एकदम पांढरा पडला. “कोनी सांगितलं तुले?”

“काय?”

“काई नाई.” तिने फोटो उलटे करून रजिस्टरमध्ये घातले. दोन पावलं गेली, परत आली. “सगळ्यायच्या समोरच लागते काय? तिच्या माय-बापाच्या कानात सांगितलं तर?”

“सगळ्यायच्या समोर.”

ती रस्ता ओलांडताना दोनदा थांबली. घाबरली आहे. आकांक्षाचं काहीतरी तिच्याही कानावर आलेलं दिसतं.

३ फेब्रुवारी

पाच दिवस राहिले. इतकं चांगलं जेवण मला कित्येक महिन्यांत गेलं नव्हतं. आई विचारते, काय झालं रे, गाणं म्हणून राह्यला? म्हटलं, धाब्यावर मन लागलं.

साक्षगंध आर्वीतच आहे, आकांक्षाच्या दारी. आणि ते लावायला बोलावलं आहे बाबांना. हे ऐकून मी मोरीत जाऊन एकटाच हसलो. माझ्याच बापासमोर ती माझं नाव घेणार. याहून मोठा न्याय कोणता?

८ फेब्रुवारी

लिहितो. जसं झालं तसं.

बाबा सकाळी पांढरे कपडे घालून गेले, दुपारी चार वाजता आले. आईने चहा ठेवला. मी मुद्दाम समोर बसलो.

“झालं काय साक्षगंध?” आईने विचारलं.

“झालं. पन असं साक्षगंध मी पाह्यलं नाई कांता.” बाबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “त्रिशरण झालं, पंचशील झालं. अंगठी घालायच्या आधी पोराची माय उभी राह्यली. म्हने, मले काई सांगायचं हाये. माह्या गजेंद्रले लहानपनापासून फिट येते. गोळ्या चालू हायेत, तीन वर्सं झाले आली नाई. मी लपवलं, म्हने. आज नाई सांगितलं तर घरावर वीज पडन.”

“अवं माय! अन् मंग?”

“पोरीचा बाप उठूनच गेला बाहेर. पोरगा खाली मान घालून बसला. मले वाटलं, मोडलं. तर पोरगी बोलली, आता मी बी सांगतो.”

मी म्हणालो, “काय सांगितलं?”

“म्हने, कालेजात एक पोरगा होता. मले आवडे. मंग त्याचा भेव वाटाले लागला. फोन पाहे, कुठं गेलती पाहे, कोनाशी बोललं तर मारामाऱ्या. बसस्टँडवर त्याले सांगाले गेलती का आता पुरे, तर त्यानं फोन हिसकून खाली आपटला, अन् फुटलेला काच सोताच मुठीत धरला. रगत पाहून लोक जमा झाले. म्हने, त्या दिवसापासून मी रस्त्यानं मागं पाहत चालतो. हे मी घरीबी नव्हतं सांगितलं.” बाबांनी चहाचा घोट घेतला. “मंग त्या गजेंद्रकडं पाहून म्हने, तुमच्या फिटीचा मले भेव नाई. फिट आली तर तुमी पडसान, मी नाई.”

आई म्हणाली, “कोनाचं पोट्टं होतं?”

“नाव नाई घेतलं पोरीनं. मी बी नाई विचारलं. सारा वेळ माह्याकडं पाहून बोलत होती. मले वाटलं, मी पुढं बसलो म्हनून.”

बाबांनी कप खाली ठेवला. मग माझ्या डाव्या हाताकडे बघत, अगदी साध्या आवाजात विचारलं, “तुह्या हाताले टाके कवा पडले होते रे रतन?”

“सप्टेंबरात. गाडीवरून पडलो होतो ना.”

“हं,” बाबा म्हणाले.

९ फेब्रुवारी

खोटं बोलली. सगळं तसं नव्हतं. मी तिच्यासाठी काच धरली होती.

१० फेब्रुवारी

सकाळी बाबा ड्युटीवर जायला बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, “मार्चचं ते लगन मी नाई लावत. कारंज्याच्या बौद्धाचार्याले निरोप देला.”

आई म्हणाली, “काऊन जी? पत्रिकेत तुमचं नाव टाकून राह्यले होते ते.”

“कोनत्या तोंडानं उभा राहू?”

एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, ओरडतील, मारतील. मारलं असतं तर मी उलट बोललो असतो, माझ्याकडे बोलायला खूप होतं. टोपी खुंटीवर तशीच राहिली. बोडक्यानेच गेले. बावीस वर्षांत मी त्यांना बिनटोपीचं डेपोवर जाताना पाहिलं नव्हतं.

फ्रेममागे हात घातला. पत्ते होते. पण पिशवीची गाठ मी मारतो तशी नव्हती.

१५ फेब्रुवारी

हे मी लिंबाखाली बसून लिहितो आहे. चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत.

गजेंद्र समोर बसून चहा पितो आहे.

बसने आला. मी लांबूनच ओळखला आणि उठून उभा राहिलो, मुठी आवळून. डावी नीट आवळत नाही, उजवी पुरे. तो खुर्ची ओढून बसला.

“प्रफुल्ल?” म्हणाला. “का रत्नदीप म्हणू?”

“माराले आला काय?”

“नाई बे. चहा सांग आधी.” त्याने पिशवीतून लग्नपत्रिका काढून ओढणीवर ठेवली. “मायनं पाठवली. म्हने त्या पोराच्या हातात देजो, त्याच्या उपायानं माह्या डोक्यावरचं पंचवीस वर्साचं ओझं उतरलं. तिले माहीत नाई तू कोन हायेस. मले माहीत हाये. आकांक्षाले बी. पत्ते म्हटल्याबरोबर तिनं ओळखलं.”

मी आयुष्यात कोणाचा इतका सूड घेतला नव्हता, आणि तो मला लग्नाचं आवतण देत होता. पुन्हा एकदा वाटलं, चष्म्यावर एक ठेवून द्यावी.

“मंग काऊन आला?”

“पत्ता न्यायला.”

“पत्ते तिचे हायेत. ने सारे.”

“सारे नाई मागितले तिनं. एकच. सोळा नंबरचा.”

“तो माहा हाये,” मी ओरडलो. वासुदेवरावांनी मान वर केली. “तिनं माह्यासाठी काढलता. शाप देला मले.”

गजेंद्रने चष्मा पुसला. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “तुह्यासाठी? ती तर म्हने, सोतासाठी काढलता. जाऊ का राहू, असं इचारून. तेच सांगत होती तुले, तर तू पिशवी हिसकून नेली म्हने.”

मी गड्डीतून मनोरा काढून टेबलावर ठेवला.

“बस साडेचारले हाये,” तो म्हणाला. “तवरक इचार कर. मी चहा पितो.”

म्हणून मी वही काढली. लिहिताना मला कोणी अडवत नाही.

पत्ता समोर आहे. वीज, मुकुट, जाळ. दीड महिना रोज बघतो आहे. ती दोन माणसं मला आजवर पडतानाच दिसली. आज बाईचे हात बघितले. हात पुढे आहेत, पसरलेले, कॅनॉलच्या पुलावरून पोरं सूर मारतात तसे. पडणाऱ्याचे हात असे नसतात. मी पडून पाहिलं आहे.

आणि तीन खिडक्या. दार नाही. १९ जानेवारीला मी लिहिलं होतं, छापणारा विसरला असेल. वरपासून खालपर्यंत परत पाहिलं. विसरलेला नाही. दगडावर दगड नीट काढला आहे त्याने, एकेक. आतल्या माणसाला बाहेर यायचं असेल, तर खिडकीच.

रोज संध्याकाळी फोन हातात द्यायची. नुसती द्यायची.

चार वीस.

पेन हातात होताच. पत्त्यावर, खाली खडकाजवळ, एक दार काढलं. निळ्या बॉलपेनने, वाकडं आलं. डाव्या हाताने पत्ता धरवत नव्हता, हलला. बाहेरून कडी काढायला गेलो आणि थांबलो. कडी ठेवली नाही.

गजेंद्रच्या पुढे सरकवला. त्याने उचलून बघितला. “हे काय हाये?”

“दार.”

“आधी नव्हतं?”

“नाई.”

त्याने जास्त विचारलं नाही. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक पाण्याबरोबर घेतली आणि पत्ता त्या पट्टीमागे खिशात ठेवला. “लग्नाले येजो असं मी म्हणत नाई,” म्हणाला. “मायनं म्हटलं म्हणून पत्रिका देली.” मग हात केला आणि बसमध्ये चढला. खिडकीची जागा मिळाली त्याला.

चार पस्तीस. बस गेली. वासुदेवराव विचारत आहेत, कोण होता बे. मी सांगितलं, गिऱ्हाईक.

आता आठवलं. पत्त्याचा मोडलेला कोपरा सरळ करायचा राहिला. संध्याकाळी ती तो हातात घेईल, तेव्हा तिच्या बोटाला लागेल. तिला कळेल.